थेट पाईपलाईन एक दिवस मुद्दाम बंद ठेवा

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
आणि
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

महोदय,

मागणी आधी सांगतो, कारणे मागून. पावसाळा तोंडावर येण्याआधी एखादा दिवस ठरवा, आठवडाभर आधी शहराला कळवा आणि काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन चोवीस तास मुद्दाम बंद ठेवा. त्या चोवीस तासांत कोल्हापूर कुठले पाणी पिते, किती पिते आणि कोणाच्या घरी ते पोचतच नाही, याची नोंद करा.

ज्या योजनेसाठी या शहराने वर्षानुवर्षे मोर्चे काढले, निवडणुका लढवल्या, जिचे पाणी २०२३ च्या दिवाळीत एकदाचे पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्राला पोचले, ती बंद करा म्हणणाऱ्याला मिरजकर तिकटीला काय काय ऐकून घ्यावे लागेल हे मला ठाऊक आहे. मी योजनेच्या विरोधात नाही. पंचगंगेचे गढूळ पाणी तुरटी फिरवून पिणाऱ्या पिढीतला मी माणूस. धरणातून थेट आलेल्या पाण्याची किंमत मला कोणी समजावून सांगायला नको. पाण्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. ते एकाच वाटेने येते, याबद्दल आहे.

७ मे २०२५ रोजी देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत युद्धसज्जतेचा सराव करण्याचे ठरले. महाराष्ट्राच्या यादीत शेजारचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग होते, कोल्हापूर नव्हते. त्या आठवड्यात सगळी चर्चा भोंगे आणि ब्लॅकआउट यांभोवतीच फिरली. भोंगा झाला की दिवे घालवायचे, खिडकीपासून लांब बसायचे, हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरांनाही पाठ झाले. दिवे घालवून बसलेल्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आले नाही तर काय, हा प्रश्न मात्र कुठेच निघाला नाही.

"कोल्हापूरवर बॉम्ब टाकायला कोण बसलंय?" असे कट्ट्यावर कोणीही म्हणेल. मलाही तसेच वाटते. सीमेपासून आपण लांब आहोत आणि शत्रूच्या पहिल्या यादीत आपले नाव असण्याचे कारण नाही. पण शहराचे पाणी तोडायला शहरापर्यंत यावेच लागते असे नाही.

युक्रेनमधले मायकोलाइव्ह घ्या. युद्धाआधी तिथली वस्ती पावणेपाच लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत आपण साडेपाच लाखांच्या जवळ होतो, म्हणजे गाव साधारण आपल्याच मापाचे. तिथले पाणी लांबच्या निप्रो नदीतून मोठ्या जलवाहिनीने येत असे. एप्रिल २०२२ मध्ये शेजारच्या खेरसन भागात ती वाहिनी उद्ध्वस्त झाली. शहर शत्रूच्या हाती कधीच पडले नाही, पण वाहिनी फुटली ती जागा लढाईच्या पट्ट्यात होती. दुरुस्तीला माणूस पाठवणे म्हणजे त्याला मरायला पाठवणे. सुमारे महिनाभर नळ कोरडे राहिले. मग नाइलाजाने जवळच्या दक्षिणी बुग नदीच्या खाडीचे खारे पाणी नळांत सोडले. ते पिता येत नव्हते, संडास आणि धुण्याभांड्यापुरते चालत होते. पुढची गंमत (गंमत कसली) अशी की त्या खाऱ्या पाण्याने शहराचे लोखंडी नळच आतून खाल्ले. गळत्या इतक्या वाढल्या की जे पाणी सोडले जाई तेही पुरते पोचेना. पिण्याचे पाणी लोक कॅन आणि बाटल्या घेऊन वाटपाच्या ठिकाणाहून आणत राहिले, आणि हे दिवसांचे नव्हे, वर्षांचे दुखणे झाले.

एक वाहिनी, एका ठिकाणी, एकदा. नुकसान तेवढेच.

आपली थेट पाईपलाईन ५० किलोमीटरहून लांब आहे. ती कुठून कुठे जाते हे गुपित नाही. राधानगरी रस्त्याच्या कडेने वर्षानुवर्षे चर खोदलेले अख्ख्या जिल्ह्याने पाहिले आहेत. ती कुठे नाजूक आहे आणि कुठली चावी फिरवली की काय होते, हे या पत्रात मी लिहिणार नाही. ज्यांना कळायला हवे त्यांच्याकडे नकाशे आहेत. एवढेच म्हणतो की ५० किलोमीटरभर रात्रंदिवस पहारा बसवणे कोणत्याही महापालिकेला परवडणार नाही, आणि पोलिसांनाही नाही. म्हणून पहाऱ्याच्या भरवशावर राहू नये. वाहिनी तुटली तरी शहर उभे राहील अशी सोय करणे हाच तिचा खरा पहारा.

वाहिनी तुटायलाही लागत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची वीजकेंद्रे बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाली. वीज गेली तसे पाण्याचे पंप थांबले, शुद्धीकरण केंद्रे थांबली, मैलापाणी प्रक्रियेविना नद्यांत गेले आणि लोकांनी त्याच नद्यांचे पाणी प्यायले. मागोमाग कॉलरा आला, विषमज्वर आला. आपल्या धरणावरच्या जॅकवेलमधल्या (पाणी उपसायच्या विहिरीतल्या) मोटारी काय, नदीकाठच्या जुन्या बालिंगा उपसा केंद्रातल्या काय आणि शिंगणापूरच्या काय, सगळ्या विजेवर चालतात. उपकेंद्र गेले, नळ गेला. त्यामुळे पाण्याच्या सुरक्षेची बैठक महावितरणचा माणूस बोलावल्याशिवाय भरवू नका. कुठल्या पंपाला दोन वेगवेगळ्या उपकेंद्रांतून वीज मिळते, कुठल्याला एकाच, जनरेटर कुठे आहे, तो शेवटचा कधी चालू करून पाहिला आणि त्याला डिझेल किती तास पुरेल, हे त्या बैठकीत कागदावर यावे. जनरेटर असणे आणि तो सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लग्नाच्या मांडवात उभा राहिलेला कोणीही सांगेल.

पण युक्रेन-इराक कशाला, आपली रंगीत तालीम दोनदा झाली आहे.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पाणी गेले ५५ फुटांच्या वर. नदीकाठची उपसा केंद्रे बुडाली आणि चहूकडे पाणीच पाणी असताना शहराच्या नळाला थेंब येईना. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, त्यामुळे बाहेरून टँकर येईना, डिझेल येईना, दूध जाईना. जुलै २०२१ मध्ये तेच पुन्हा. शत्रूने आखून हल्ला केला असता तरी याहून वेगळे काय केले असते? उपसा बंद, वीज बंद, रस्ता बंद, आणि तिन्ही एकाच वेळी. त्या दिवसांत छातीभर पाण्यातून जाऊन मोटारी वर काढणारे आणि पूर ओसरल्यावर त्या सुकवून पुन्हा बसवणारे पाणीपुरवठ्याचे कामगार अजून नोकरीत आहेत, काही निवृत्त झाले आहेत. त्यांना एका खोलीत बसवून चहा पाजा आणि नुसते ऐका. कुठल्याही सल्लागार कंपनीच्या अहवालात मिळणार नाही एवढे तिथे मिळेल.

थेट पाईपलाईनने एक गोष्ट नक्की सुधारली. तिचा उपसा धरणावर आहे, पुराच्या पट्ट्यात नाही. म्हणून महापुरात ती आपला आधार आहे, आणि ती पडली तर बालिंगा-शिंगणापूर तिचा आधार असायला हवीत. दोन्हींचे संकट वेगळे, म्हणून दोन्ही हव्यात. नवीन सून आली म्हणून जुन्या केंद्रांना माहेरी पाठवू नका. महापालिकेच्या हिशेबात जुनी केंद्रे खर्चाची बाब दिसणार: वीजबिल, माणसे, गाळ. अंदाजपत्रकाच्या वेळी ती बंद करण्याची सूचना कधी ना कधी येईलच. ती आली तर हे पत्र फाईलला लावा.

इथे पन्हाळ्याची आठवण काढतो. पोवाड्यासाठी नव्हे, पाण्यासाठी. गडावरची अंधारबाव आपण सहलीत बघतो, फोटो काढतो आणि भजी खायला जातो. वेढा घालणारा आधी पाण्यात विष कालवायला बघतो, हे ओळखून आदिलशाहीत ती विहीर तीन मजली इमारतीच्या पोटात झाकून टाकली, आणि वर पहाऱ्याच्या शिबंदीला राहायची जागा केली. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला करवीर दरबारात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र या राज्यकारभारावरच्या ग्रंथात किल्ल्याच्या पाण्याविषयी जे लिहिले, ते तर आजच्या पाणीपुरवठा विभागाच्या भिंतीवर लावावे असे आहे. गडावर एक पाणी आहे म्हणून निश्चिंत राहू नये, असे ते सांगतात. झुंजात तोफांच्या दणक्याने झरे कमी होतात आणि नेमका तेव्हाच खर्च वाढतो. म्हणून दोनचार टाकी-तळी राखीव बांधावीत आणि एरवी त्यातले पाणी खर्चू देऊ नये. तीनशे वर्षांपूर्वी, याच मुलखातल्या, याच गादीच्या अमात्याने हे लिहिले आहे.

आणि आम्ही काय केले? तळ्यांच्या या गावात कपिलतीर्थावर भाजी मिळते आणि वरुणतीर्थावर सभा होतात. वाड्यांतले आड बुजवून वर पार्किंग केले. मंगळवार पेठेतल्या 'पाण्याचा खजिना' या पत्त्यावर राहणाऱ्या पोराला तिथे खजिना कसला होता हे सांगता येत नाही. कोटीतीर्थ, रंकाळा, राजाराम तलाव आणि कळंबा एवढे तरी उरले आहेत. त्यातल्या कळंब्याने शहराला कैक वर्षे पाणी पाजले आहे. हे चारही तलाव उद्या पिण्यालायक करा असे मी म्हणत नाही. संकटात संडासाला, धुण्याला आणि आग विझवायला लागणारे पाणी जवळच्या जवळ असेल तर पिण्याचे पाणी वाचते, इतकाच हिशेब आहे.

हिशेबाचेच बोलायचे तर टँकरचा करू. "काही झाले तर टँकर लावू" हे उत्तर प्रत्येक बैठकीत मिळते. आपत्तीत माणशी रोज १५ लिटर पाणी हे किमान मानले जाते. पिणे, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता. साडेपाच लाख माणसांना ते ८२ लाख ५० हजार लिटर होते. १० हजार लिटरचा टँकर धरला तर रोज ८२५ खेपा. शहर २०११ पासून वाढले आहे, म्हणजे खेपाही जास्तच. एवढे टँकर जिल्ह्यात आहेत का, त्यांना डिझेल कुठून, ते भरायचे कुठे, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी आमच्या बोळात दहा हजार लिटरचा टँकर वळतच नाही. सीपीआर या सरकारी रुग्णालयाला आणि डायलिसिस केंद्रांना तर १५ लिटरच्या गणितात बसवताच येत नाही. एका रुग्णाच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. ज्याचा वार चुकला त्याला 'उद्या या' सांगता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळी टाकी आणि वेगळा टँकर आजच नावानिशी ठरलेला हवा.

म्हणून विहिरी. शहरातल्या जिवंत विहिरी, आड आणि बोअर यांची पेठवार मोजणी करा. कुठली पिण्यायोग्य, कुठली वापरायोग्य, कुठली गाळ काढला की चालू होईल, असे तीन रंग द्या. हातपंप काढून टाकू नका, कारण त्याला महावितरण लागत नाही. प्रत्येक ठिकाणाची जबाबदारी जवळच्या तालमीकडे किंवा मंडळाकडे द्या. महापुरात बोटी कोणी वल्हवल्या, भाकरी कोणी पोचवल्या हे प्रशासनालाही माहीत आहे. मिरवणुकीत आमची मंडळे कधी कधी डोके उठवतात हे कबूल, पण ऐन वेळी एका हाकेला दोनशे पोरे गोळा करणारी दुसरी यंत्रणा तुमच्याकडे नाही. ठिकाणे थोडी आणि मोठी न करता पुष्कळ आणि लहान करा. साराएव्होच्या वेढ्यात (१९९२ ते १९९६) शहराचे नळ शत्रूच्या मर्जीवर होते आणि लोक जुन्या बिअर कारखान्याच्या झऱ्यावर रांगा लावत. जुलै १९९३ मध्ये डोब्रिन्या भागात पाण्यासाठी थांबलेल्या माणसांच्या रांगेवरच तोफगोळा पडला. युद्धात मोठी रांग हेसुद्धा लक्ष्य असते.

आता विषाबद्दल, कारण युद्ध आणि पाणी म्हटले की पहिली शंका त्याचीच येते. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, म्हणून एवढे ठामपणे सांगू शकतो: काळम्मावाडीच्या जलाशयाची क्षमता २५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर आहे, म्हणजे सत्तर हजार कोटी लिटर. एवढ्या पाण्यात पोतेभर काही टाकून शहर मारण्याची गोष्ट सिनेमातच बरी. टाक्यांची झाकणे, कुलुपे आणि जाळ्या जरूर नीट करा. टाक्या धरणाएवढ्या मोठ्या नसतात आणि तिथला हलगर्जीपणा डोळ्यांना दिसतो. पण खरे भय वेगळे आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, हिपॅटायटिस ई ची. माणसे गेली. कुठल्याही शत्रूने काही कालवले नव्हते. मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले होते. वीज गेली, पुरवठा खंडित झाला की नळातला दाब जातो, आणि गळक्या जोडातून शेजारच्या गटारीचे पाणी आत ओढले जाते. शत्रूला विष आणण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत. शहराचे सांडपाणी वाहणारा जयंती नाला आहेच.

यावर सगळ्यात स्वस्त पहारेकरी म्हणजे नळातला शिल्लक क्लोरिन. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हे मानक आहे. रोज जिथे तो सापडतो तिथे एखाद्या दिवशी तो अचानक नाहीसा झाला, तर पाण्यात काहीतरी शिरले आहे असे समजावे. काय शिरले ते प्रयोगशाळा नंतर सांगेल, पण चावी बंद करायला तेवढी खूण पुरे. क्लोरिन तपासायची डीपीडीची गोळी टाकली की पाणी गुलाबी होते, आठवीच्या पोरालाही जमते. शहरातल्या शाळांना किट द्या, रोज सकाळच्या परिपाठानंतर तपासणी होऊ द्या, आकडा फळ्यावर लिहा आणि विभागाला कळवा. शेकडो ठिकाणची रोजची नोंद फुकट मिळेल आणि पोरांना पाण्याचे रसायनशास्त्र पुस्तकाबाहेर कळेल. (निवृत्त मास्तराचा हा स्वार्थ समजा.)

क्लोरिनचीच दुसरी बाजू. शुद्धीकरण केंद्रावर द्रव क्लोरिनचे टनर, म्हणजे टनभराचे मोठे सिलिंडर, असतील तर त्या आवारातली सर्वांत घातक वस्तू तीच. हाच वायू १९१५ मध्ये बेल्जियममधल्या यप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून सोडला गेला होता. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीला बंदराच्या आवारातल्या जुन्या सिलिंडरमधून तो गळला तेव्हा शंभरावर माणसे रुग्णालयात गेली. सोडियम हायपोक्लोराइटकडे वळता येते का, ते तपासा. तोवर टनर किती आणि कुठे ठेवायचे, आणि गळती झाली तर आसपासच्या वस्तीने वाऱ्याच्या आडव्या दिशेने कसे निघायचे, हे त्या वस्तीला माहीत असू द्या.

विषापेक्षा विषाची अफवा जास्त माणसे मारते. १ सप्टेंबर १९२३ ला जपानात कांतो भागात भूकंप झाला. विहिरींत कोरियन लोक विष टाकताहेत अशी आवई उठली आणि जमावांनी हजारो कोरियन माणसे मारली. विहिरीत विष नव्हतेच. आपण त्या वाटेवर नाही असे छातीठोकपणे म्हणायला मी तयार नाही. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून या शहरात काय झाले, इंटरनेट कसे बंद करावे लागले, ते फार जुने नाही. युद्धाच्या दिवसांत, नळ बंद असताना, रात्री अकराला एखाद्या ग्रुपवर "अमुक टाकीत तमुक लोकांनी" अशी ओळ फिरली तर? तेव्हा खुलासा लिहायला बसून चालणार नाही. पाण्याविषयी बोलणारा एकच अधिकारी, एकच ठरलेली वेळ, आणि रोजच्या क्लोरिनच्या आकड्यांची सवय झालेले लोक, हे आधीपासून असेल तर त्या ओळीला उत्तर मिळेल. सवय शांततेत लावावी लागते.

घातपात म्हटले की बाहेरचा माणूस डोळ्यासमोर येतो. ऑस्ट्रेलियात मारूची परगण्यात २००० साली एका माणसाने गाडीत बसून रेडिओ यंत्रणेवरून सांडपाण्याचे पंप बिघडवले आणि लाखो लिटर मैलापाणी ओढ्यांत, बागांत सोडले. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत तो कामाला होता आणि नंतर परगण्याने त्याला नोकरी नाकारली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा या लहान गावाच्या पाणी यंत्रणेत परदेशी हॅकर शिरले. त्या जातीच्या उपकरणांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड होता ११११, आणि तो बदलण्याची तसदी बऱ्याच जणांनी घेतलेली नव्हती. तिथल्या माणसांनी यंत्र हातावर घेऊन पाणी चालू ठेवले. म्हणून विचारतो: आपल्याकडे जे जे संगणकावरून चालते, ते हाताने चालवता येणारी किती माणसे कामावर आहेत? ठेकेदार बदलला की त्याच्या माणसांचे पासवर्ड आणि किल्ल्या परत घेतल्या जातात का? आणि चावीवाल्यांपैकी कंत्राटी किती, त्यांचा पगार कुठल्या तारखेला होतो? हा शेवटचा प्रश्न विषयाबाहेरचा वाटेल. मला तो सुरक्षेचाच वाटतो. अख्ख्या पेठेचे पाणी ज्याच्या हातात आहे, त्याला तीन महिने उधारीवर जगायला लावणारी यंत्रणा कॅमेरे बसवून सुरक्षित होत नाही.

कायद्याचे थोडक्यात. १९७७ च्या जिनिव्हा अतिरिक्त प्रोटोकॉलने पिण्याच्या पाण्याच्या सोयींवर हल्ला करायला मनाई केली आहे, धरणांनाही संरक्षण दिले आहे. भारत त्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही. भारत-पाकिस्तान दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, त्यांवर हल्ला न करण्याच्या १९८८ च्या करारानुसार. धरणे त्यात नाहीत. आणि करारावर सही असूनसुद्धा जून २०२३ मध्ये युक्रेनमधले काखोव्हका धरण फुटलेच. तेव्हा दिल्लीने काय करावे ते दिल्ली बघेल. धरण सुरक्षा कायदा २०२१ प्रमाणे धरणांचे आपत्कालीन कृती आराखडे करायचे आहेत. ते पाटबंधारे खात्याच्या कपाटात आणि दूधगंगा-भोगावतीकाठच्या ग्रामपंचायतीत अशा दोन्ही ठिकाणी असावेत. डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीच्या वेळी राधानगरी धरणाचा एक दरवाजा बिघडून पाणी सुटले आणि काठावरच्यांची धावपळ झाली, तेव्हा कुठले युद्ध चालू होते?

आता पुन्हा त्या चोवीस तासांकडे.

दिवस कामाचा निवडा, रविवार नको; दवाखाने, शाळा, हॉटेले चालू असताना काय होते ते कळायला हवे. सकाळी सहाला थेट पाईपलाईनचे पाणी थांबवा. सीपीआर, डायलिसिस केंद्रे, प्रसूतिगृहे आणि अग्निशमन यांना वगळा. बालिंगा आणि शिंगणापूर पूर्ण ताकदीने चालवा आणि त्यातला एक तास तरी जनरेटरवर, जिथे असेल तिथे. ठरवलेल्या विहिरींवर तालमीची माणसे उभी करा. दुपारी एकदा, कोणालाही आधी न सांगता, एक खोटी तक्रार सोडा की अमुक भागात पाण्याला वास येतो. ती फोन उचलणाऱ्यापासून व्हॉल्व्ह बंद करणाऱ्यापर्यंत किती मिनिटांत पोचते ते घड्याळ लावून बघा. रात्री दहाला सगळ्या प्रभागांतून एकच माहिती मागवा: कोणाला पाणी मिळाले नाही. त्या अहवालातला नाजूक जागांचा भाग खुशाल मोहोरबंद ठेवा, मागणारही नाही. पण किती घरे कोरडी राहिली आणि ती कुठली, हे शहराला सांगा.

लोक ओरडतील. पहिल्या दिवशी मीही बादली घेऊन रांगेत उभा असेन आणि बहुधा मला त्या रांगेत ऐकवलेही जाईल. तरी करा.

आमच्या गल्लीत एक झाकलेला आड आहे. वर फरशी आहे, खाली पाणी आहे. फरशी काढून उपसा करायला तालमीची पोरे तयार आहेत, मालकांचीही हरकत नाही. पाण्याची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत करायची आणि तिची फी कोणी भरायची, तेवढे आपल्या कार्यालयाकडून कळवावे.

आपला विश्वासू,
मंगळवार पेठेतला एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक